ऐंशीव्या मिनिटानंतर

१

मतपेटीतून तीस पाकिटं निघायला हवी होती. एकतीस निघाली.

एवढ्याने जगाचं काही बिघडत नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या शहरातला क्रीडापत्रकार संघ दर वर्षी हंगामातल्या सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला एक चषक देतो, आणि तो चषक सोडला तर संघाकडे वजनदार म्हणावं असं दुसरं काही नाही.

मी संघाचा सभासद नाही. मी वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहितो. बावीस वर्षं झाली. कोणी गेल्याचं कळलं की लोकांना वाईट वाटतं, मला शब्दसंख्या दिसते. चार वर्षांपूर्वी माझी बायको गेली तेव्हा मी तिच्यावर एकशे ऐंशी शब्द लिहिले होते. संपादकांनी वीस कापले. बरोबर कापले होते.

मंगळवारी सकाळी संघाच्या अध्यक्षांचा फोन आला. "जरा येऊन जा. तुझ्या खात्यातलं प्रकरण आहे."

"कोण गेलं?"

"गेलेला आहेच रे. तो परत आलाय, ही पंचाईत आहे."

संघाचं कार्यालय चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. खोली एक, कपाट एक, पंखा एक आणि पदाधिकारी अकरा. अध्यक्षांनी माझ्यापुढे एक पाकीट सरकवलं. पाकिटावर नियमाप्रमाणे सभासद क्रमांक होता. सतरा.

"सतरा म्हणजे मास्तर," अध्यक्ष म्हणाले.

मास्तर म्हणजे शहरातले सर्वांत जुने फुटबॉल समीक्षक. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. चारशे शब्द मीच लिहिले होते. 'तीक्ष्ण नजर आणि सुरेख अक्षर' हे त्यातले शेवटचे.

मी मतपत्रिका बाहेर काढली. अक्षर सुरेख होतं. मास्तरांचंच.

"आता खाली छापलेली तारीख बघ," अध्यक्ष म्हणाले.

मतपत्रिका मास्तर गेल्यानंतर तीन आठवड्यांनी छापलेली होती.

२

आमच्या मतपत्रिकेवर दोनच रकाने असतात. खेळाडू, आणि 'कारण, एका वाक्यात'. ही वाक्यं नंतर स्मरणिकेत छापतात. सभासदांनी वर्षभरात विचारपूर्वक लिहिलेलं ते एकमेव वाक्य असतं, असं माझं मत आहे. पण मला विचारतो कोण.

सतरा नंबरने खिळ्याला मत दिलं होतं. खिळा म्हणजे तळाच्या संघाचा गोलकीपर. उंच, किडकिडीत, गोलात ठोकल्यासारखा उभा राहतो, म्हणून खिळा. त्याच्या विरुद्ध होता राजपुत्र, अव्वल संघाचा फॉरवर्ड, तेवीस गोल आणि तेवढ्याच केशरचना. मोजणीत खिळा सोळा, राजपुत्र पंधरा. खिळ्याच्या बाकीच्या पंधरा मतांपैकी चौदा मतं राजपुत्र मुलाखती देत नाही म्हणून पडली होती, हे उघड गुपित होतं.

"सतरा नंबर बाद केला की पंधरा-पंधरा," अध्यक्ष म्हणाले. "मग निर्णायक मत माझं. आणि निमंत्रणपत्रिका तर छापून आल्यात."

निमंत्रणपत्रिकेवर राजपुत्राचा फोटो होता. मतमोजणीच्या आधी छापलेला. अध्यक्ष दूरदृष्टीचे आहेत.

"मग माझं काम काय?"

"चौकशी झाली असं दिसायला हवं. कोणी केलं ते काय, शेंबडं पोरही सांगेल. चाळीस मतपत्रिका छापल्या. तीस पाठवल्या. कपाटात दहा उरायला हव्यात, आहेत नऊ. आणि कपाटाची चावी एकीच्याच हातात." त्यांनी आवाज खाली आणला. खोली एवढी लहान की खाली आणूनही उपयोग नव्हता. "शनिवारी समिती बसेल. ताईला सोमवारपासून घरी."

ताई चार फुटांवर टाइप करत होत्या. त्यांची बोटं थांबली नाहीत. संघाच्या त्या एकमेव कर्मचारी. एकवीस वर्षं झालेली, निवृत्तीला दोन उरलेली.

अध्यक्ष गेल्यावर मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुम्ही केलंत का, ताई?"

"नाही."

"मग सांगत का नाही कोणाला?"

"विचारलं कुठे कोणी? तुम्ही पहिले." त्यांनी कागद मशीनमधून काढला. "हे बघा, समितीची नोटीस. मला काढायची. मलाच टाइप करायला दिलीय. तीन प्रतींत."

"घरी कोण असतं?"

"आई. तिला वाटतं मी अजून पंचविशीत आहे, रोज विचारते नोकरी लागली का. रोज सांगते, लागली. सोमवारपासून काय सांगू, तेवढंच डोक्यात आहे. बाकी काही वाटत नाही, खरं सांगते."

मी समजू शकत होतो. मला तर चौदाशे दिवस काही वाटलं नव्हतं.

"कपाट उघडं कधी होतं?"

"पाकिटं भरली त्या दिवशी. टेबलावर सगळं पसरलेलं. पण इथे कोण येतंय? मास्तरांच्या पत्नी, आपल्या वहिनी, आल्या होत्या तेवढ्या, मास्तरांचं ओळखपत्र परत करायला. बिचाऱ्या तासभर बसून पाकिटं चिकटवू लागल्या. ते कार्डही अजून तसंच पडलंय, रद्द करायला समितीची सही लागते."

मी सगळं टिपून घेतलं. नेमकं कशाकडे बघायचं, ते मात्र कळलं नाही. मग मतपत्रिकेवरचं वाक्य दुसऱ्यांदा वाचलं आणि वही खाली ठेवली.

'या हंगामात ऐंशीव्या मिनिटानंतर त्याच्यावर एकही गोल झाला नाही, आणि शेवटच्या सामन्यात अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला उजवीकडे पडलेला असताना त्याने चेंडू डाव्या पायाने अडवला.'

"ताई, हंगामातला शेवटचा सामना कधी झाला?"

त्यांनी कॅलेंडर पाहिलं. मास्तर गेल्यानंतर दोन आठवड्यांनी.

३

दुपारी मला उद्गारचिन्ह भेटला. हा शहरातला सर्वांत लोकप्रिय स्तंभलेखक, शिवाय संघाचा पदाधिकारी. एकही वाक्य पूर्णविरामावर संपवत नाही, बोलतानासुद्धा. सध्या तो राजपुत्राचं आत्मचरित्र लिहीत होता. राजपुत्र बावीस वर्षांचा आहे.

"सरळ आहे हो! बाईने वीस वर्षं मास्तरांचं अक्षर पाहिलंय! गिरवायला काय लागतं!"

मास्तरांचा हस्तलिखित मजकूर आमच्याच कार्यालयात यायचा, त्यामुळे गेल्या वर्षभराचे कागद मी घेऊन आलो होतो. शेजारी ठेवून पाहिले. गिरवलेलं अक्षर अडखळतं. हे वाहत होतं. 'र' ची शेपूट, शब्दावरची रेघ शेवटी किंचित वर जाणारी, सगळं तेच. ज्या हाताने हे कागद लिहिले, त्याच हाताने मत लिहिलं होतं, आणि तो हात पाच आठवड्यांपूर्वी थांबला होता.

"समजा ताईंनी गिरवलं," मी म्हणालो. "पण त्यांना फुटबॉलमधलं काय कळतं? त्या आजवर एकदाही मैदानावर गेलेल्या नाहीत. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचं त्यांना कोण सांगणार?"

"पेपरात वाचलं असेल!"

"तुमच्या पेपरात आहे?"

त्याने घड्याळ पाहिलं. एकही उद्गारचिन्ह न काढता.

इथे आमच्या लीगची एक रीत सांगायला हवी. मैदान एकच, सामने दुपारी तीनचे, टीव्हीवर दिसत नाहीत. पूर्वी संध्याकाळच्या आवृत्तीचं पान पाचला छपाईला सुटायचं, म्हणून पत्रकार ऐंशीव्या मिनिटाला उठून कार्यालय गाठायचे आणि उरलेल्या दहा मिनिटांत गोल झालाच तर मैदानाचा माळी फोन करायचा. आता संध्याकाळची आवृत्ती बंद पडली, प्रत्येकाच्या खिशात फोन आला, तरी ऐंशीव्या मिनिटाला सगळे उठतातच. आता म्हणे ट्रॅफिक लागतं. माळी अजून फोन करतो. पण माळी गोल झाला तर कळवतो. गोल झाला नाही, हे कळवायला कोण फोन करील?

"तुम्ही त्या दिवशी होतात का शेवटपर्यंत?" मी विचारलं.

"छे! म्हणजे माझ्यावर संशय?"

"ज्याने ते अडवणं पाहिलं, त्यानेच हे वाक्य लिहिलं. एवढंच म्हणतोय."

"मग मी कसा असेन! मी चार पस्तीसला गेटबाहेर! सगळेच होतो! थांबा, लेखीच देतो! सगळ्यांचं आणून देतो! मसुदा मीच करतो!"

खरंच केला. गुरुवार संध्याकाळपर्यंत तीसच्या तीस सभासदांची सही केलेली निवेदनं माझ्या टेबलावर. मजकूर एकच: 'शेवटच्या सामन्याच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे ऐंशीव्या मिनिटाला मैदान सोडले! पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही!' तीस पत्रकार एकमुखाने सांगत होते की आम्ही तिथे नव्हतो. एवढी एकवाक्यता संघात पूर्वी कधी दिसली नव्हती.

माझ्यापुढे मात्र भिंत उभी राहिली. ताईंनी पाहिलेलं नाही. तीस जणांनी पाहिलेलं नाही. मास्तर मेलेले. मग पाहिलं कोणी?

एक शंका अजून होती. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला खरंच काही घडलं होतं का?

४

खिळा सरावाच्या मैदानावर एकटाच होता. गोलपोस्टला टेकून बुटातली माती काढत होता.

"डाव्या पायाने," तो म्हणाला. "हो. उजवीकडे उडी मारली, चेंडू कोणाच्या तरी ढुंगणाला लागून फिरला. पाय तेवढा मागे राहिला होता. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तेच शोधतोय."

"कोणी पाहिलं नव्हतं. आमचा कोच तेव्हा रेफरीशी भांडत होता." त्याने बूट आपटला. "आई म्हणते, तू नक्की जातोस ना मैदानावर? पेपरात तर कधी दिसत नाहीस. मी म्हणतो, आई, माझ्यावर गोल झाला की दिसेन."

"प्रेस बॉक्समध्ये कोणी होतं का त्या वेळी?"

"काचेवर ऊन येतं चारनंतर, आतलं दिसत नाही. पण..." तो थांबला. "खिडकी उघडी होती."

"म्हणजे?"

"मास्तर आले की खिडकी उघडी असायची ना. थंडी असो, धूळ असो. बाकीचे बोंबलायचे, पण मास्तर ऐकायचे नाहीत. त्या दिवशी मी किक घ्यायला वळलो आणि पाहिलं, खिडकी उघडी. बरं वाटलं. मग आठवलं, मास्तर तर गेले."

त्याने दुसरा बूट हातात घेतला.

"सामना संपला की खाली यायचे. वहिनींचा हात धरून. माझे दोन्ही हात हातात घ्यायचे आणि बोटं चाचपायचे, एकेक. म्हणायचे, दहा आहेत, खेळ अजून. दुसरं कोणी कधी खाली आलं नाही. मजेशीर माणूस. गेल्या वर्षी मी टक्कल केलं, अख्ख्या संघाने महिनाभर छळलं. मास्तरांनी चकार शब्द काढला नाही. थट्टेखोर माणूस, पण त्याबद्दल नाही बोलले."

मी त्याचे आभार मानले आणि निघालो. फाटकापर्यंत आलो आणि तिथेच उभा राहिलो.

टक्कल. खिडकी. हात.

५

आमच्या कार्यालयात तळघर आहे. तिथे माणसं मेल्यावर माझ्या कामाला येणारे कागद ठेवलेले असतात. मास्तरांच्या फाइलमध्ये तळाशी त्यांचा नोकरीचा अर्ज होता, स्वहस्ते लिहिलेला. त्यांचा मृत्युलेख लिहिताना मी तो उघडलासुद्धा नव्हता. माहीत असलेल्या माणसाची फाइल कोण उघडतं?

अर्जावरचं अक्षर कोंबडीचे पाय.

'र' ला शेपूट नाही. शब्दांवर रेघच नाही. मी एकेक वर्ष पुढे येत गेलो. कोंबडीचे पाय, कोंबडीचे पाय, कोंबडीचे पाय. आणि मग अकरा वर्षांपूर्वीच्या हंगामात, एका सामन्यापासून, सुरेख अक्षर.

भाषाही त्याच सामन्यापासून बदललेली. त्याआधीचे मास्तर 'झुंजार खेळ', 'प्रेक्षणीय गोल' असलं काहीतरी ठोकून द्यायचे. नंतर त्यांना बचावपटूचे थकलेले खांदे दिसायला लागले, राखीव खेळाडूचे न मळलेले मोजे दिसायला लागले. तेव्हा आम्ही म्हणालो होतो, मास्तरांनी दारू सोडली. संघाने 'तीक्ष्ण नजर' असं कोरलेलं मानचिन्हही दिलं होतं.

आणि त्या अकरा वर्षांत प्रेस बॉक्समध्ये मास्तरांच्या शेजारी वहिनी बसायच्या. कायम. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं त्या काय करतात ते. शब्दकोडं सोडवतात.

वहीत मान घालून. शब्दकोडं वहीत कोण सोडवतं?

६

शुक्रवारी दुपारी वहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाल्या, "या भाऊजी. फार दिवस लावलेत."

घर दोन खोल्यांचं. खुर्च्या भिंतीला लावलेल्या, मध्ये एकही वस्तू नाही. दारापासून पलंगापर्यंत मोकळी वाट. मास्तर असताना मी इथे दहा वेळा आलो असेन. टापटीप घर, असं वाटलं होतं.

"डोळे कधी गेले?"

"डावा आधी. उजवा पुढच्या वर्षी." त्या समोर बसल्या. "मला म्हणाला, घरी बसून मी मरेन. म्हटलं, चल मग, मी सांगते तुला काय दिसतंय ते. पहिल्या दिवशी सांगितलं, निळे लोक हिरव्या लोकांच्या अंगावर धावतायत. हसून खुर्चीवरून पडला. मग शिकवलंन हळूहळू. ऑफसाइड समजायला दोन महिने लागले."

"आणि लिहायला?"

"आधी तो सांगायचा, मी उतरवायची. नंतर म्हणाला, तुला काय दिसलं तेच लिही, माझ्यापेक्षा बरं दिसतं. शेवटच्या दहा मिनिटांत सगळे उठून गेले की मी मोठ्याने बोलायची, खिडकीतून आवाज यायचा, त्याला सगळं समजायचं. आमची चैन होती ती."

"मतही?"

"अकरा वर्षं मीच देतेय. पाकिटावर सतरा लिहायची इतकी सवय, की यंदा लिहून झाल्यावर लक्षात आलं."

"शेवटच्या सामन्याला..."

"शनिवार आला. पाय निघाले. कार्ड त्याचं, मी कशी वर जाणार? साध्या स्टँडमध्ये बसले. ऐंशीव्या मिनिटाला तुमचे सगळे माझ्या समोरून गेले, एकानेही ओळखलं नाही. त्याच्याशिवाय मला कोणी पाहिलेलंच नव्हतं म्हणा. मग वर गेले, खिडकी उघडली." त्या थांबल्या. "त्या पोराने पायाने अडवला आणि मी मोठ्याने सांगितलं. सवयीने. रिकाम्या खुर्चीला."

मी वही मिटली. बोलण्यासारखं असतं तर बावीस वर्षांत सापडलं असतं.

"रडू येत नाही हो, भाऊजी."

"मलाही नाही आलं."

"तुम्हाला किती झाली?"

"चार वर्षं."

"मग येत नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

"वहिनी, ती मतपत्रिका तुम्ही टेबलावरून उचललीत. त्याचं ताईंवर आलंय. उद्या त्यांना काढतायत."

त्यांच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "मला कोणी बोललं नाही."

"कोणालाच कोणी बोलत नाही. पण तुमचं सांगितलं तर मास्तरांचं नाव..."

"तो गेला," वहिनी म्हणाल्या. "नाव मागे राहून काय करणार आहे? किती वाजता आहे समिती?"

७

शनिवारी समितीच्या टेबलाभोवती अकरा पदाधिकारी, मी आणि शेवटच्या खुर्चीत वहिनी. ताई इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. स्वतःच्या हकालपट्टीचं.

मी सगळं सांगितलं. अक्षर, खिडकी, टक्कल, वही. निरीक्षण हाच ज्यांचा धंदा, अशी माणसं अकरा वर्षं एका आंधळ्या माणसाच्या शेजारी बसली होती आणि त्याच्या नजरेचं कौतुक करत होती. हे पचायला वेळ लागतो.

अध्यक्षांनी घसा खाकरला. "वहिनी, तुमच्याबद्दल आदर आहे. पण तुम्ही सभासद नाही. मत बाद. पंधरा-पंधरा. आणि मतपत्रिका उघड्यावर ठेवणं हा निष्काळजीपणा, म्हणजे ताईंचा ठराव कायम."

"नियम सात," कोपऱ्यातून आवाज आला.

सगळे वळले. एकवीस वर्षांत ताई बैठकीत बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"काय नियम सात?"

"संघाची घटना, साहेब. मी नऊ वेळा टाइप केलीय. दुसऱ्या कोणी वाचलेली नाही." त्यांनी कपाट उघडलं, कागद काढला आणि निर्विकारपणे वाचला. "'पुरस्कारासाठी मत देण्याचा अधिकार त्या व्यक्तीस राहील, जिने त्या हंगामातील किमान वीस सामने पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदानावर उपस्थित राहून पाहिले असतील.' सभासद शब्दच नाही यात. संस्थापकांनी लिहिलंय."

"किती सामने पाहिलेत, वहिनी?" मी विचारलं.

"सव्वीसपैकी पंचवीस. एक त्याच्या अंत्यविधीला चुकला."

"म्हणजे यांचं मत वैध!" उद्गारचिन्ह म्हणाला. "पण मग सोळा-पंधरा!"

"नाही," मी म्हणालो, आणि तीस निवेदनं टेबलावर ठेवली. "मसुदा तुमचाच आहे. 'मी नेहमीप्रमाणे ऐंशीव्या मिनिटाला मैदान सोडले.' नेहमीप्रमाणे. तीस सह्या. नियम सात लावला तर तीस मतं बाद. एक राहतं."

एकाने निवेदनं मोजून पाहिली.

"निकाल एक विरुद्ध शून्य," ताई म्हणाल्या. "इतिवृत्तात तसं लिहू का, साहेब?"

अध्यक्षांनी निवेदनांकडे पाहिलं. मग वहिनींकडे, मग भिंतीवरच्या 'तीक्ष्ण नजर' मानचिन्हाच्या फोटोकडे. ते दूरदृष्टीचे आहेत, हे मी आधी सांगितलंच आहे.

"सोळा-पंधरा बरं दिसतं," ते सावकाश म्हणाले. "मोजणी झाली तशीच ग्राह्य धरू. चौकशी संपली. ताईंचा विषय... कोणता विषय? मला तर आठवत नाही. ती निवेदनं तेवढी फाडून टाका."

"कपाटात ठेवते," ताई म्हणाल्या. "रेकॉर्ड आहे. चावी माझ्याकडेच असते."

त्यांनी नोटिशीच्या तिन्ही प्रती मात्र फाडल्या. नीट, चार-चार तुकडे करून.

"तुम्हाला काही हवंय का, वहिनी?" अध्यक्षांनी विचारलं, कारण विचारायला लागतं.

"कारण छापा," वहिनी म्हणाल्या. "जसंच्या तसं. खाली नाव नको. सतरा लिहा."

८

समारंभ रविवारी संध्याकाळी होता. निमंत्रणपत्रिकेवरच्या राजपुत्राच्या फोटोवर खिळ्याचा फोटो चिकटवलेला होता. कडेने राजपुत्राचे केस दिसत होते.

अध्यक्ष पन्नास मिनिटं बोलले. मग एकेक खुर्ची सरकायला लागली. ट्रॅफिक लागतं. खिळ्याच्या हातात चषक आला तोवर पत्रकारांच्या तीनही रांगा मोकळ्या झाल्या होत्या. दारात उद्गारचिन्ह मला म्हणाला, "चला! भाषणात काय असणार! काही विशेष झालंच तर कोणीतरी फोन करील!"

मी बसलो. पलीकडे ताई होत्या, शेजारी त्यांची आई. आईने विचारलं, "ही तुझी नोकरी का?" ताई म्हणाल्या, "हो, आई. लागली."

खिळ्याने माइक हातात घेतला, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि माइक खाली ठेवला. व्यासपीठावरून उतरला आणि सरळ वहिनींपुढे येऊन उभा राहिला. स्मरणिकेतलं सतरा नंबरचं वाक्य त्याने वाचलं असावं. त्याने काही विचारलं नाही. फक्त दोन्ही हात पुढे केले.

वहिनींनी डोळे मिटले. एकेक बोट चाचपलं, सावकाश, कुठेही घाई नाही.

"दहा आहेत," त्या म्हणाल्या. "खेळ अजून."

माझ्या खिशात फोन थरथरत होता. कार्यालयातून असणार, निघालात का म्हणून. मी निघालो नव्हतो.